पानांच्या दोरीबाहेरून

जव्हारच्या एसटी स्टँडवर जीपमधून उतरलो तेव्हा उजाडलं होतं, पण धुकं होतं. मोखाड्याची गाडी समोरच लागली होती आणि कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता. मलाही मोखाड्यालाच जायचं होतं. तरी मी गाडीत बसलो नाही. बॅगेचे पट्टे आवळले आणि चालायला लागलो.

"अरे, जागा आहे की!" कंडक्टर म्हणाला.

"मी चालत जाणार आहे."

"का रे, नवस बोललायस का?"

खिडकीतली माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं. नवस नव्हता, भीती होती. ती कशाची, ते आधी सांगतो.

मी तेव्हा नाशिकच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होतो. आमच्या जामसरच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्या वर्षी आमच्या प्राध्यापिका, ज्यांना आम्ही नुसतं बाई म्हणायचो, आम्हा आठ विद्यार्थ्यांना हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर अभ्यासाला नेणार होत्या. ते सगळं बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी आहे. त्याचं एक तोंड अजून जागं आहे. बाई सांगायच्या की ज्या आगीने ते बेट घडवलं, तिनेच कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ओतला. आपली जमीन सरकत उत्तरेला आली आणि आग तिकडेच राहिली. हे ऐकल्यावर मला आमच्या शेताच्या बांधावरचा दगडसुद्धा परका वाटायला लागला होता.

अभ्यास संपल्यावर चार दिवस सुट्टी होती. त्या चार दिवसांत डोंगर चालायचे, वाटाड्या घ्यायचा नाही, आपली वाट आपणच नकाशावर आखायची, असं ठरलं. एकेका दिवसाची आखणी दोघा-तिघांकडे दिली. तिसरा दिवस सगळ्यांत कठीण. कड्याच्या काठावरून खाली दरीत उतरायचं आणि जिथे गाडीरस्ताच नाही अशा वस्तीत मुक्काम करायचा. तो दिवस बाईंनी एकट्या माझ्याकडे दिला. "हा तर डोंगरातलाच आहे," असं सगळे म्हणाले.

कोणालाच माहीत नव्हतं, आणि सांगायला माझी जीभ रेटली नाही, की मी डोंगरात कधी पुढे चाललोच नव्हतो. पुढे बाबा आणि मागे मी, अशी माझी सगळी चाल. आता सातजण माझ्या मागे असणार आणि मी चुकलो की सगळे चुकणार. बाईंनी दिलेल्या नकाशाची झेरॉक्स मी खोलीत भिंतीला लावली होती. त्यावरची फ्रेंच नावं मला उच्चारताही येत नव्हती. झोपताना त्या रेषा डोळ्यांसमोर यायच्या.

तो दिवस घ्यायला हो की नाही, ते दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगायचं होतं. म्हणून मी एक परीक्षा ठरवली. जव्हार ते मोखाडा, डांबरी रस्ता सोडून, फक्त नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधाराने चालायचं. कोणालाही वाट विचारायची नाही. जमलं तर हो म्हणायचं. नाही जमलं तर बाईंना काहीतरी कारण सांगून मोकळं व्हायचं.

गावाबाहेर पडून मी आधी शिरपामाळावर गेलो. हे वाकडी वाट करणं होतं, पण उंचावरून एकदा सगळं बघावं असं वाटलं. शिवाजी महाराज इथे थांबले होते असं सांगतात, म्हणून लोक येतात. त्या सकाळी एक नवरा-बायको आणि त्यांची चिवडा खाणारी मुलगी एवढेच होते. धुकं खाली दरीत साचलं होतं आणि डोंगरांचे माथे त्यातून वर आले होते. काळे, सपाट माथ्याचे, एकामागे एक. मला ते समुद्रातल्या बेटांसारखे दिसले आणि मी नजर वळवली. त्या माणसाने विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हणालो, "इथलाच." तो म्हणाला, "मग जरा सांगा ना, तो कोणता डोंगर?" मला सांगता आलं नाही.

रस्ता सोडून उतरलो तेव्हा ऊन आलं होतं. भाताची कापणी बरीच झाली होती आणि खाचरांत धसकटं उरली होती. गवत मात्र डोक्याएवढं उंच. त्यात शिरलं की पुढचं काही दिसेना. नवीन बुटाने टाच सोलली. गवतात खसफस झाली की मी थांबायचो आणि आवाज बंद झाला की जास्तच घाबरायचो. एका ओढ्याकाठी बसून आईने दिलेली नागलीची (नाचणीची) भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. बाटलीतलं पाणी तिथेच संपलं. ओढ्यात पाणी होतं, पण वरच्या अंगाला त्यात म्हशी बसल्या होत्या.

तरी मी वाटेवर होतो. नकाशात दाखवलेला पाडा (वस्ती) समोरच्या डोंगराच्या सोंडेवर दिसला. त्या पाड्यामधूनच वाट पलीकडे चढत होती. पहिल्यांदाच मला थोडा आनंद झाला.

वाट पाड्यात शिरते तिथे दोन झाडांना आडवी दोरी बांधलेली होती. दोरीत आंब्याची पानं ओवली होती, अजून हिरवी. खाली नारळ फोडलेला होता.

शहरातला कोणी असता तर वाकून गेला असता. मला पाऊलच उचलेना. आमच्याकडेही असं बांधतात. गावदेवाची पूजा झाली की गाव बांधून घेतात. मग पानं उतरेपर्यंत बाहेरच्याने आत यायचं नाही आणि आतल्याने शीव (गावाची हद्द) ओलांडायची नाही. लहानपणी अशी दोरी दिसली की बाबा न बोलता मागे वळायचे. मीही वळलो. नकाशा उघडला आणि शिवेच्या बाहेरून, ओहोळाच्या काठाने, गावाला वळसा घालून पलीकडची वाट पकडायची असं ठरवलं.

ते फार अवघड गेलं. काठाला वाट नव्हती. दर थोड्या अंतरावर थांबायचं, होकायंत्र बघायचं, समोरचं झाड किंवा खडक खुणेला धरायचा, नकाशावर पेन्सिलने ठिपका द्यायचा. बाईंनी असंच शिकवलं होतं. सगळा जीव त्यात लागला होता, म्हणून मला आधी कळलंच नाही की ओहोळाच्या पलीकडून माझ्याबरोबर माणसं चालत आहेत.

मी थांबलो की तीही थांबत. मी चाललो की चालत. आधी दोघे होते, मग पाच-सहा झाले. हातात कापणीचे कोयते. कोणी बोलत नव्हतं. मध्ये कोरडा ओहोळ, चार उड्यांत पार होईल एवढाच. पळावं तर मागे गवत, आणि पुढे कुठे जायचं ते कागदावर बघितल्याशिवाय कळत नव्हतं. मी पुन्हा नकाशा उघडला, तेव्हा पलीकडून आरोळी आली.

"ए! काय मोजतोस रं?"

"काही नाही," मी म्हणालो. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

"काय नाय तर कागुद कशाला? ती काट्याची डबी कशाला?"

"मी विद्यार्थी आहे. नकाशावाचनाचा सराव करतो आहे."

"बघ, बघ," एक तरुण दुसऱ्याला म्हणाला. "सायबाचीच भाषा. बूट पण सायबाचं."

"बूट चावलाय सायबाला," दुसरा म्हणाला. "लंगडतोय तो."

कोणीतरी हसलं, पण कोयते खाली गेले नाहीत. त्यांच्यामागून एक म्हातारी पुढे आली. लुगडं गुडघ्यापर्यंत, गळ्यात काळे मणी. ती अगदी काठावर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सावकाश बोलली, "गेल्या सालचा सायेब बी असाच आला. थोडा चालं, थांबं, लिवं. काय विचारलं तर म्हने काय नाय. मागनं खुंटं ठोकली त्यांनी. धरनाची. माझ्या शेतात हायेत खुंटं. खरं सांग पोरा, तू पन त्याच कामाचा ना?"

तिचा आवाज थरथरत होता. रागाने असेल असं मला आधी वाटलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, की ती घाबरली आहे. ते सगळेच घाबरले होते. त्यांच्या हातातले कोयते मला दिसत होते, आणि त्यांना माझ्या हातातला कागद.

"नाही आजी. देवाशप्पथ नाही."

"मंग गावातनं वाट हाय, ती सोडून चोरासारखा कडंनं कशाला फिरतोस?"

"पानं बांधलीत ना तुम्ही," मी म्हणालो. "ओलांडू कशी?"

म्हातारीने दोरी होती त्या दिशेला पाहिलं.

"तुला कोनी सांगितलं पानांचं?"

"आमच्यात पण बांधतात. जामसरला."

"जामसरचा तू? कोनाचा?"

मी बाबांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आमचं घर कोणत्या आळीला ते सांगितलं. मघाशी 'सायबाचीच भाषा' म्हणालेला तरुण म्हणाला, "माझी आत्या दिलीय तिकडं," आणि त्याने कोयता कमरेच्या आकडीत अडकवला.

"त्या सायबानं दोरी तोडून गाडी आत घातली होती," म्हातारी बाकीच्यांना म्हणाली. "हा तसला नाय." मग माझ्याकडे वळली. "घसा सुकलाय तुझा. थांब."

तिने पाण्याचा तांब्या मागवला. तरुणाने तो ओहोळाच्या मधल्या दगडावर आणून ठेवला आणि सगळे मागे सरकले. मग मी उतरलो, पाणी प्यालो, तांब्या तिथेच ठेवून माझ्या काठावर परत चढलो. घाईत अर्धं पाणी शर्टावर सांडलं होतं.

"पन चालत कशाला जातोस? एसटी बंद हाय का?" तरुणाने विचारलं.

मी सांगितलं. बेटाचं, आगीच्या डोंगराचं, आणि तिसऱ्या दिवसाचं. आता मी आमच्या घरच्या बोलीत बोलत होतो. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"तिथं बी असंच फिरनार? कागुद घेऊन, लोकांच्या कडंनं?"

"हो. वाटाड्या घ्यायचा नाही असं ठरलंय."

"नको घेऊ वाटाड्या," ती म्हणाली. "पर कोन हायस ते तरी सांगशील का नाय?"

मी नकाशाची घडी घातली. त्यांनी मग न विचारताच वाट सांगितली. ओहोळ संपतो तिथून वर, वडाच्या उजव्या अंगाने. मी निघालो तेव्हा ते पलीकडून पुन्हा माझ्याबरोबर चालू लागले. शीव संपली तिथे थांबले. वर चढताना मागे वळून पाहिलं तर म्हातारी अजून उभी होती. तिच्या मनातलं भय गेलं होतं का, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

त्यानंतरची चढण मी कशी चढलो ते नीट आठवत नाही. ऊन उतरत होतं, सावल्या लांब झाल्या होत्या, आणि दर वळणावर वाटत होतं की वाट चुकली. मोखाड्याच्या बाजारात पोहोचलो तेव्हा दुकानांत दिवे लागले होते. माझे दाजी तिथे शाळेत शिक्षक आहेत; माझ्या परीक्षेचं त्यांना आणि ताईला सांगून ठेवलं होतं. ते जीपच्या थांब्यावर येरझाऱ्या घालत होते.

"आलास का? तुझ्या ताईनं डोकं खाल्लं माझं. शोधायला निघणारच होतो." मग त्यांनी माझे पाय पाहिले. "अरे अरे, हे काय! बरं, जमलं का?"

"नाही," मी म्हणालो. "शेवटची वाट लोकांनी सांगितली."

"मग नापास?"

मी त्यांना सगळं सांगितलं. दाजींनी माझी बॅग स्वतःच्या खांद्याला लावली. मग म्हणाले, "त्या गावकऱ्यांच्या जागी मी असतो तर मीही कोयता घेऊन आलो असतो."

रात्रभर टाच ठणकत होती. पडल्या पडल्या विचार करत राहिलो. आजवर मी फक्त एवढ्यालाच घाबरत होतो की डोंगर माझं काय करेल. डोंगरात राहणाऱ्यांना मी कसा दिसेन, हे कधी मनातच आलं नव्हतं. त्या बेटावरच्या दरीतसुद्धा कोणीतरी दारात उभं राहून आम्हा आठजणांकडे बघणार होतं. ही भीती नवी होती, आणि आधीची गेलीही नव्हती. फक्त या नव्या भीतीवर करण्यासारखं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने घरी आलो. आई माझ्या टाचेला हळद लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्या आगीच्या डोंगरात माणसं राहतात?"

"राहतात. दरीत वस्त्या आहेत."

"तू येनार ते त्यांना ठावं हाय?"

"अजून नाही. सांगणार आहे."

"मंग जा," ती म्हणाली.

कॉलेज उघडल्यावर मी बाईंना होकार दिला. वाट कोणती घ्यायची ते अजून पक्कं नव्हतं, ते मी मोकळेपणी सांगितलं. फक्त एक विनंती केली. निघण्याआधी मला तिकडच्या भाषेतली तीन वाक्यं शिकवा. आम्ही कोण आहोत, कुठून आलो आहोत, आणि आम्ही काहीही मोजायला आलेलो नाही.