सुपरकंडक्टर आणि प्राचार्यांची कंबर

यवतमाळ सोडलं तेव्हा गाडी भाची निलोफर चालवत होती. मी मागे, पायांत द्रवरूप नायट्रोजनचा कॅन धरून, काचा उघड्या टाकून बसलो होतो. निलोफर पांढरकवड्याच्या एका कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवते. तिथली प्रयोगशाळा रिकामी करून प्राचार्य तिच्यात समारंभाच्या खुर्च्या ठेवणार होते. "आधी एक प्रयोग बघा," एवढंच तिने कसंबसं कबूल करून घेतलं होतं. नायट्रोजन जनावरांच्या दवाखान्यातून मिळवला. तो न सांडणं, हे मामूचं काम.

वाटेत आलूबोंडा आणि तर्री (तिखटजाळ रस्सा) खायला थांबलो. या भागात असा कॅन गायींच्या कृत्रिम रेतनासाठीच फिरतो, त्यामुळे एक शेतकरी लगबगीने आला.

"डॉक्टरसाहेब, गीरचं हाय का जर्सीचं? माही (माझी) गाय माजावर हाय जी."

"हे सुपरकंडक्टरसाठी आहे," मी ऐटीत म्हणालो.

"नवी जात दिसते. दूध किती देते?"

तर्री माझ्या नाकात गेली.

प्रयोगशाळेत अर्ध्या खुर्च्या आधीच येऊन बसल्या होत्या. निलोफरने थर्माकोलच्या वाटीत सुपरकंडक्टरची, म्हणजे अतिथंड झाली की विजेला जराही न अडवणारी, काळी चकती ठेवली, तिच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर चुंबक. ती प्राचार्यांना बोलवायला गेली. मला टापटिपीची भारी हौस. पुठ्ठा कचरा समजून काढला आणि खिशात टाकला.

प्राचार्य आले. निलोफरने त्यांच्याशी बोलता बोलता सगळा नायट्रोजन ओतला. धुकं विरलं. चुंबक चकतीला चिकटून बसलेलं.

"मॅडम, हे तरंगणार होतं ना? हे तं बसून राह्यलं. खुर्च्या आणू?"

"मामू, पुठ्ठा?"

मी खिसा दाखवला. तिने चिमट्याने चुंबक उचललं. चकतीही खालून लटकत वर आली.

"फेविकॉल लावला काय?"

तिने दोघांच्या मधून कागद सरकवला. तो आरपार निघाला. चकती पडली नाही.

"सर, हा दुसऱ्या प्रकारचा सुपरकंडक्टर. पहिल्या प्रकारचा चुंबकाचं क्षेत्र बाहेरच अडवते. हा बारीक धाग्यांसारखं आत घेते, आन् याच्या घडणीतले बारीक दोष ते धागे धरून ठेवते. मधात पुठ्ठा राह्यला असता, तं तेवढ्याच उंचीवर तरंगलं असतं. असे धागे धरले, की जबर चुंबकी क्षेत्रातही तारेतून मोठा करंट जाते. एमआरआय मशीन त्याच तारांवर चालते."

प्राचार्यांचा हात कमरेवर गेला. "माह्या मणक्याचा एमआरआय?"

"त्याच तारांवर, सर."

मग शिपायाला हाक गेली, "खुर्च्या व्हरांड्यात काढ रे!"

परतताना निलोफर एवढंच म्हणाली, "मामू, पुढच्या वेळी घरीच राहा." मी राहीन. पण घरी बसून दुआ करतो, की देशातल्या प्रत्येक प्राचार्याची कंबर दुखो. प्रयोगशाळा वाचतील.