तिथीची पाऊणपट

रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीचा संगणक बदलला आणि भरतीची वेळ सांगणारा जुना प्रोग्राम चालेना. तो लिहिणारे गृहस्थ हयात नव्हते. त्यांच्या मूळ लिखाणाच्या वह्या वादळात गेल्या होत्या. उरली होती ती केवळ यंत्राला कळणारी प्रत. निवृत्तीनंतर प्रोग्रामिंग शिकलेली मी. त्या प्रतीतून मूळ लिखाण उलगडण्याचे काम संकोचतच पत्करले.

एका ठिकाणी तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागले होते. कारण दिसेना, म्हणून चूक समजून मी ती ओळ गाळली. पडद्यावर भरती चार वाजता आली. नौकांना वायरलेसवर वेळ कळवायची होती. ती चुकली तर नौका खाडीच्या मुखाशी वाळूत रुतणार. विचारायची लाज वाटत होती, तरी शेवटी सोसायटीच्या दाराशी बसलेल्या, जन्मभर नौका हाकलेल्या वृद्ध तांडेलांना ती ओळ लिहिलेला कागद दाखवला.

"बाई, ही चूक न्हाय, तिथीची पाऊणपट हाय! आज चतुर्थी, म्हंजे पाणी तीनला भरणार. पोरांना पडदा लागतो, पन तुम्ही तरी एवढ्या शिकलेल्या!"

मी ओळ परत लिहिली, वायरलेसवर तीनची वेळ सांगितली आणि धक्क्यावर जाऊन उभी राहिले. तीनला पाणी वरच्या पायरीला लागले, आणि पहिली नौका वाळू ओलांडून आत आली.