धक्का कुणाला सोसत नाही?

बंदूक वर्षातून चार-दोनदा उडते, किस्से मात्र रोज उडतात! देवणीकडच्या आमच्या गावात ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स असलेले आम्ही चौघं. पारावर बसलो की एकेकाची फुशारकी सुरू. ऐकणारे हसतात. माझं डोकं फिरतं, कारण यांच्या मर्दुमकीपायी माझ्या वहिनीची बंदूक पोलीस ठाण्यात गंजत पडली होती.

चुलतभाऊ वारला आणि त्याची बंदूक ठाण्यात जमा झाली. साल दुष्काळाचं, लातूर नुकताच जिल्हा झालेला. विहिरीच्या तळाला उरलेल्या पाण्यावर चंद्रकला वहिनीनं बैलजोडीच्या चाऱ्यासाठी दोन वाफे कडवळ जगवलं होतं. रानात दुसरं हिरवं पान नाही, म्हणून रानडुकरं रोज तिथंच! वहिनी डबा बडवून हाकलायची. लायसन्स तिच्या नावावर व्हावं म्हणून अर्ज केला, तर कचेरीनं गावातल्या बंदूकवाल्यांचं मत मागवलं.

आता हे बंदूकवाले कोण, ते ऐका.

पहिले बसलिंगअप्पा, किराणा दुकानवाले. बंदूक लाथ मारते या धास्तीनं अप्पा दस्ता खांद्यापासून वीतभर लांब धरायचे. आमच्या बंदुकांची डागडुजी करणारा खाजाभाई त्यांना सांगून थकला. "अप्पा, खांद्याला भिडवा. लाथाळ म्हशीला चिकटून उभं ऱ्हावं, लांब ऱ्हायलं की लाथ बसती!" अप्पांनी ऐकलं नाही. बार उडाला, दस्ता येऊन आदळला, गाल टम्म सुजला. आणि दुकानात गिऱ्हाइकाला काय सांगतात? "दाढ दुखायलीय."

दुसरे गोविंदराव पाटील. नळीत दुप्पट दारू ठासली. म्हणे, "डुकराला कळलं पाहिजे बंदूक कुणाची हाय!"

बार झाला. पाटील उताणे, फेटा बाभळीत, बंदूक मागं ढेकळांत. डुकरानं मान वर केली, जरा बघितलं आणि पुन्हा खायला लागलं.

खाजाभाई म्हणाला, "कळलं पाटील, पुरतं कळलं त्याला!"

तिसरा रिटायर्ड जमादार. डोळे मिटले की धक्का जाणवत नाही, हे त्याचं पोलिसी शास्त्र. मिटले डोळे. छर्रे थेट शेजाऱ्याच्या पाण्याच्या पिंपात! गावात टँकर येईना, बाया कोसभरावरून डोक्यावर पाणी आणतात, आणि या गाढवापायी भरलेलं पिंप मातीत गेलं. मी अंगावर धावून गेलो, तर मलाच म्हणतो, "नेम चुकला न्हाई. पिंप मधी आलं!"

यावर लोक अजून हसतात. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं, आजही येत नाही.

तर या तीन शूरवीरांनी कचेरीला काय कळवावं? "बाईमाणसाला बंदुकीचा धक्का सोसायचा न्हाई!" माझं एकट्याचं मत कोण ऐकतो? मी पारावर जाऊन अप्पांना विचारलं, "तुमचा गाल उतरला का?"

"गाल वेगळा, कायदा वेगळा," अप्पा म्हणाले. लाज कशाशी खातात, माहीत नाही!

शेवटी वहिनीला घेऊन एसटीनं लातूर गाठलं. कचेरीत भिंतींना अजून रंगाचा वास. साहेब नवे, खुर्च्या नव्या, चालढकल तेवढी जुनी. साहेब वहिनीला सोडून माझ्याशीच बोलत होते. "यांचा खांदा निखळला तर जबाबदारी कुणाची?"

मी भडकून तोंड उघडलं, तोच वहिनीनं हात आडवा केला. "भावजी, तुमी गप ऱ्हावा."

तेव्हा कुठं साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. "बाई, धक्का फार मोठा असतो. सोसेल का?"

"साहेब, मालक गेले. पाणी गेलं. बंदूक बी तुमी नेली. सोसूनच राहिले की. आता एक धक्का मला बी द्यायचा हाय!"