मशीनच्या मागची जागा

आमच्या दादाच्या ऑर्केस्ट्रातलं, गिटारचा आवाज मोठा करायचं मशीन मी पुढून कधी धड पाहिलंच नाही. पुढून ते म्हणे फार देखणं दिसायचं, सोनेरी कापडाची जाळी, वर चामड्याची मूठ. मला आठवते ती त्याची पाठ. मागून ते उघडंच होतं. आत जुन्या रेडिओत असतात तसले काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल झालेले आणि त्यांची झळ सरळ माझ्या तोंडावर. खाली पत्र्याची पट्टी. तिच्यावर स्पीकरच्या वायरी खुपसायची दोन भोकं, मग फ्यूज, मग एक काळं बटण, ते फिरवलं की घरघर कमीजास्त व्हायची पण पुरती जायची नाही, आणि अगदी काठाला पितळेचा एक स्क्रू. त्या स्क्रूवर माझं बोट. सत्तरच्या दशकातली माझी चांगली उमेदीची वर्षं त्या स्क्रूवर गेली, आणि हे मी थट्टेनं सांगत नाही.

दादा गिटार वाजवायचा. नागपुरात तेव्हा गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा निघाले होते, पण विजेची गिटार थोड्यांकडे. मशीन त्यानं कुठून तरी जुनंच मिळवलं होतं. त्याच्या मेन वायरीतली तिसरी, जमिनीची म्हणतात ती तार, त्यानं केव्हाच कापून टाकली होती. मांडवातल्या विजेच्या बोर्डाला आपल्याकडे भोकं दोनच असायची, आणि त्यातही वायरींची टोकं आगपेटीच्या काड्यांनी ठोसून बसवलेली. त्यामुळे गाणं सुरू व्हायच्या आधी मशीन घूं करून सुरू व्हायचं. दादा पिन उलटी लावून बघायचा, बटण पिळायचा, चिडायचा. घूं काही जायचं नाही.

तालीम आमच्या घरापुढच्या छपरीत चालायची. एकदा मी तिथं सडा टाकून मागून झाडत होते, तोल गेला म्हणून मशीनला हात टेकला आणि घरघर एकदम बंद झाली. हात काढला, पुन्हा सुरू. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मग एकेकानं हात लावून बघितला. ढोलकवाल्यानं लावला, अकॉर्डियनवाल्यानं लावला, दादानं लावला. काही नाही. मी लावला की मशीन गप्प. तेव्हा दादा हसून म्हणाला, पोरीच्या हाताले गुण आहे. आई कौतुकानं आतून बाहेर आली. मलाही, खोटं कशाला बोलू, फार भारी वाटलं.

त्या दिवसापासून मी अडकले. जिथं कार्यक्रम तिथं मी. गणपती, शारदा, जयंती, इतवारीतल्या व्यापाऱ्यांची लग्नं, पार कन्हानपर्यंत. स्टेज फळ्यांचं, मशीन त्याच्या मागच्या काठाला, आणि पडद्यामागे खाली मातीत स्टूल टाकून मी. पुढे लोक शिट्ट्या मारताहेत, बायका मुलांना खांद्यावर घेऊन बघताहेत, आणि मला दिसतोय काय तर फ्यूज. गाणं चालू असेतो बोट उचलायचं नाही. डास चावू दे, तहान लागू दे, आणखी काही लागू दे, दोन गाण्यांच्या मधे काय ते उरकायचं. शिवाय मशीन झटके द्यायचं. साधारण दिवशी बोटाला नुसत्या मुंग्या, पण घाम असला की कोपरापर्यंत सणक जायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. दादाला सांगितलं तर म्हणायचा, सवय होऊन जाते.

मला वर्ध्याला नर्सिंग शिकायला जायचं होतं. शाळेत असल्यापासून तेच मनात होतं. पहिल्या वर्षी माझं नाव लागलंसुद्धा. बाबा मिलमधून आल्यावर मी त्यांच्यापुढे जाऊन बसले आणि सांगितलं. बाबांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, आत्ता गणपती आहेत, हिच्याशिवाय मशीन चालत नाही, पुढच्या वर्षी जाईल. पुढच्या वर्षीही गणपती होतेच, ते काय कुठं जातात? मी भांडले, दोन दिवस जेवले नाही, आईशी बोलणं टाकलं. बाबा वाईट माणूस नव्हते. ते एवढंच म्हणायचे की देवानं एखाद्याच्या हाताला गुण दिला तर तो घराच्या कामी यावा. रागानं नुसता जीव जळायचा. माझ्या वर्गातली एक पोरगी सुट्टीला पांढऱ्या कपड्यांत घरी आलेली दिसली, तर मी रस्ता बदलून गेले.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी माझ्या टाचेत काच गेली. चिंधी बांधली, आणि मांडवात चिखल म्हणून रबराच्या चपला घालून गेले. एरवी मी वाद्यांपाशी चपला काढूनच जायची, आईनं लहानपणापासून लावलेली शिस्त. ऑर्केस्ट्रातले पुरुष मात्र तालमीलासुद्धा बूट घालत. दादाचा नियमच होता, टाचेनं ठोका दिल्याशिवाय त्याला लय धरता यायची नाही. तर त्या संध्याकाळी मी स्क्रूवर बोट ठेवलं आणि घरघर चालूच राहिली. मी घाबरले. दाबून धरलं, बोट बदललं, बटण फिरवलं. काही नाही. गाणं संपताच दादा पडद्यामागे आला. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्या पायांकडे पाहिलं आणि दात खाऊन म्हणाला, "चप्पल काढ."

मी काढली. पाय ओल्या मातीला लागला आणि मशीन गप्प झालं. पुढची सगळी गाणी मी तिथं बसून होते, पण मला एकही ऐकू आलं नाही.

सकाळी तो अंगणात दात घासत होता, तिथं त्याला गाठलं. विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? तो म्हणाला, पहिल्याच आठवड्यात समजलं होतं, अनवाणी कोणीही बसलं तरी चालते. मी म्हटलं, मग मीच काहून? माझी दोन वर्षं काहून घेतली?

त्यानं चूळ भरली. लाजला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "बाकीचे झटके खाऊन बसत नाहीत वं. तू बसते."

मला वाटलं होतं मी ओरडेन, बादली फेकेन. माझा स्वभाव काही गरीब गायीचा नाही. पण मी ती बादली उचलली आणि पाणी भरायला गेले. माझ्या हातात काही आहे या एका गोष्टीवर मी ते सगळं सोसलं होतं, आणि ती खोटी आहे हे कळल्यावरही त्यानं मला तिथं बसवून ठेवायला ती तशीच चालू ठेवली होती.

पुढचा कार्यक्रम आमच्याच वस्तीत होता. टाच बरी झाली होती, तरी मी चपला घालून गेले. स्टुलावर बसले, बोट स्क्रूवर ठेवलं. मशीन घूं करत राहिलं. पहिलं गाणं तसंच झालं, लोक कुजबुजायला लागले. दादा मागे आला, त्याच्या मागोमाग ढोलकवाला आणि अकॉर्डियनवालाही आले. मी हात दाखवला, बोट जागेवरच होतं.

"चपला," तो हळूच म्हणाला.

"चपलांचं काय, दादा?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "गुण तर हातात आहे ना?"

ढोलकवाला माझ्या पायांकडे बघायला लागला, मग दादाकडे. दादाला त्यांच्यासमोर काही बोलता येईना. तो परत गेला आणि सगळा कार्यक्रम त्या घरघरीत वाजवला. मी शेवटपर्यंत बोट उचललं नाही. सुटल्यासारखं मात्र वाटत नव्हतं. घरी गेल्यावर काय होईल याचीच भीती.

घरी काहीच झालं नाही. दादा माझ्याशी बोलेना. त्यानंतरच्या कार्यक्रमाला मला कोणी हाक मारली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. बाबांच्या हे उशिरा ध्यानात आलं. एका रविवारी दुपारी जेवताना त्यांनी दादाला विचारलं, "मशीनमागं आता कोण बसते?"

दादा खाली मान घालून भात कालवत होता. "कोणी नाही. जमिनीत खिळा ठोकतो, त्याले तार बांधतो."

बाबांनी घास संपवला, मग ते पाणी प्याले.

"मग हिले जाऊ दे वर्ध्याले," ते म्हणाले.

आई माझ्याकडे पाहून हसली. माझ्या डोळ्यांपुढे माझ्या जागी ठोकलेला तो खिळा होता, आणि तिला वाटलं मी आनंदानं रडते आहे.