यादीतलं पहिलं नाव

आमच्या ग्रामपंचायतीत मी कॉम्प्युटर सांभाळते. दाखले, अर्ज, अहवाल, सगळं माझ्या हातून वर जातं. सही सरपंच करतात आणि काही चुकलं की माझ्याकडे बघतात.

आपत्तीच्या पूर्वतयारीसाठी गावाला सरकारी अनुदान मिळालं होतं. पहिल्या हप्त्यात दोर, बॅटऱ्या आणि स्ट्रेचर आलं. दुसऱ्यात झाड कापायचं मशीन येणार होतं, पण त्याआधी अहवाल हवा होता. सामानाचे फोटो आणि दहा स्वयंसेवकांची नावं, फोन नंबरांसकट. त्या मशीनवर माझा डोळा होता. आमच्या वाडीला रस्ता एकच, आणि सासूबाईंना दमा. गेल्या पावसात फणस आडवा पडला तेव्हा त्यांना रत्नागिरीला न्यायला आलेली रिक्षा पलीकडे दोन तास उभी होती. कोयत्यांनी फांद्या तोडून होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

सरपंच नावं सांगत गेले, मी टाइप करत गेले. गावाची कुठलीही यादी आम्ही अशीच करतो, घरटी एक कर्ता पुरुष. पालखीची तशी, तशीच आपत्तीची. पहिलं नाव माझ्या नवऱ्याचं. अहवाल पाठवला आणि खुशीत घरी गेले.

मे महिन्याच्या शेवटी तालुक्याहून साहेबांचा फोन आला.

"बाई, तुमच्या स्वयंसेवकांना फोन लावले. एक नालासोपाऱ्यात, एक दिव्यात, एक कंपनीत ड्युटीवर. पहिल्या गृहस्थांना विचारलं, हाक मारली तर किती वेळात पोचाल? म्हणाले, सुट्टी मिळाली तर गणपतीला."

ते गृहस्थ कोण, हे मी सांगितलं नाही. हसूही आलं आणि लाजही वाटली. साहेब मात्र हसत नव्हते. चारपर्यंत नवी यादी आली नाही तर मशीन दुसऱ्या गावाला जाईल, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

सरपंच डोकं धरून बसले. "आता पुरुष आणायचे कुठून?"

मला रागच आला. "गेल्या वर्षी फणस कोणी तोडला?"

तेव्हा सरपंच छत्री धरून उभे होते.

मी वही घेऊन वाडीत निघाले. शेजारच्या काकू खळ्यात कोकमं वाळत घालत होत्या. सगळ्यात जाड फांदी त्यांनीच तोडली होती. "लिव माजं नाव," त्या म्हणाल्या, "पन फोन सुनेचा दे गो. माज्यानं तो उचलवत नाय." तीन वाजेपर्यंत नऊ नावं झाली. दहावी मी. परत येऊन पहिल्या ओळीतलं नवऱ्याचं नाव खोडलं, त्या जागी माझं लिहिलं आणि नवी यादी पाठवली.

चारला साहेबांचा फोन थेट माझ्या मोबाईलवर. "पहिलं नाव तुमचंच? किती वेळात पोचाल?"

"पोचायचं कुठून, साहेब? मी इथेच असते."

"पाठवतो मशीन," साहेब म्हणाले.

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. इतके दिवस लपवलेली फणसाची गोष्टही सांगून टाकली, उगाच काळजी नको म्हणून तेव्हा बोलले नव्हते.

"बरं केलंस नाव काढलंस ते," तो म्हणाला. "गणपतीत आलो की ते मशीन चालवायला शिकव मला."