खाडीच्या मुखाचा तुकडा

तुमच्या घरात टीव्हीच्या वर, कपाटाच्या टोकाला किंवा माळ्यावरच्या खोक्यात चिखलाचा एक चौकोनी तुकडा धूळ खात पडलाय का? फूटभर लांब-रुंद, त्यावर तांब्याच्या तारेची झाडं, कडेला तांबडी माती? असेल तर पुढचं नीट वाचा. नसेल तरी वाचा. ज्याच्याकडे तो आहे, तो कदाचित तुमचा मावसभाऊ असेल.

तो तुकडा वैनींनी केलाय. वैनी म्हणजे रत्नागिरीत आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या बाई. त्या कुणाच्या सख्ख्या वहिनी होत्या ते मला अजूनही माहीत नाही, सगळं कॉलेजच त्यांना वैनी म्हणायचं. त्यांची एक सवय नव्या माणसाला विचित्र वाटायची. झाड दिसलं की आपण वर बघतो. वैनी खाली बघायच्या, झाडाच्या पायाशी. "डोकं काय, कुणीही मिरवतं," त्या म्हणायच्या. "पाय बघावेत. पाणी कुठवर येऊन गेलं ते पायावर दिसतं."

आमची ओळख पत्रकांमुळे झाली. आमचं घर चळवळीतलं, तिथे उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, त्यामुळे कॉलेजात गेल्यागेल्या माझं पहिलं काम वसतिगृहाच्या पाण्यावर पत्रक काढणं हेच होतं. वैनी झेरॉक्सला आलेला प्रत्येक कागद वाचायच्या. माझा वाचून म्हणाल्या, "अगो बाय, एका पानात एवढी उद्गारचिन्हं? शाई माझी जाते आणि घसा वाचणाऱ्याचा." मला राग आला. पुढच्या पत्रकात मी निम्मी काढून टाकली.

दुकानात झेरॉक्सच्या मशीनमागे पडदा होता आणि पडद्यामागे टेबल. वैनींचे मिस्टर बोटीवर इंजिनिअर. लांबच्या सफरीत तिथली पोरं एक खेळ खेळायची: अंगठ्याएवढे रंगवलेले शिपाई, राक्षस, चेटकिणी यांच्या फौजा टेबलावर मांडायच्या, टेपने अंतर मोजून चाली करायच्या, लढाईचा निकाल फाशांवर. टेबलावरचा प्रदेश मात्र खेळणाऱ्यांनी स्वतः बांधायचा. मिस्टरांनी दोन फौजा घरी आणल्या, एक कुऱ्हाडवाल्या बुटक्यांची आणि एक सरडातोंड्यांची. सुट्टीत बायकोला खेळ शिकवला आणि परत बोटीवर गेले. पुढच्या सुट्टीत आले तेव्हा टेबलावर अख्खं खाजण पसरलेलं होतं. आणि ते त्यात हरले.

खाजण म्हणजे खाडीकाठची दलदल, भरतीला पाण्याखाली जाते, ओहोटीला उघडी पडते. "दिवाळीत किल्ले सगळेच करतात," वैनी म्हणायच्या. "खाजण कुणी केलंय?"

करायची त्यांची रीत अशी. खाजण फूटभराच्या सुट्या चौकोनी तुकड्यांचं. प्रत्येकाखाली जाड पुठ्ठा, त्यावर फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा, काठाला जांभ्या चिऱ्याचा तांबडा चुरा. झाडांखालचा पाचोळा म्हणजे चहाचा वाळवलेला चोथा. कांदळाची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, मुळं जुन्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेची. आधी सगळं काळं रंगवायचं, मग तपकिरी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरच्या कडांवर राखाडी फिरवायचा. शेवटी प्रत्येक तुकड्यावर एक निवटी, चिखलातून उड्या मारत जाणारा तो डोळे वटारलेला मासा, तांदळाच्या दाण्यातून कोरलेली. कुठे ठेवली ते त्या सांगायच्या नाहीत.

खेळाच्या खोक्यांवर दलदलीचं चित्र असतं. हिरवंगार विषारी पाणी, कवट्या, बुडबुडे. बंदरावर इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा फैजान आमच्यातला सगळ्यात हौशी खेळाडू. त्याने एकदा तसल्या हिरव्या रंगाची बाटली आणली.

"हे काय रे मेल्या? गटार की खाडी?"

"वैनी, दलदल म्हणजे भुतांची जागा. सगळे हिरवीच करतात."

"सगळ्यांनी बघितलीय काय? चल."

ओहोटीची वेळ होती. वैनींनी दुकानाचं शटर ओढलं, आम्हाला रिक्षात कोंबलं आणि भाट्याच्या पुलापाशी नेऊन उभं केलं. खाली काळपट तपकिरी चिखल, त्यात कुर्ल्यांची भोकं. प्रत्येक झाडाच्या मुळांवर एका उंचीपर्यंत काळा ओला पट्टा आणि चिकटलेली कालवं, त्याच्या वर फिकट कोरडं साल. "भूत दिसलं तर सांग," वैनी म्हणाल्या. फैजानने ती बाटली पुढे शहाळ्याच्या गाडीची पाटी रंगवायला वापरली.

तो काळा पट्टा हीच त्यांच्या टेबलाची खरी गंमत. चिखलातल्या प्रत्येक खोलगट जागेत बरोबर बसेल अशी रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रसायनाच्या, पाण्याची ताटली त्यांनी ओतून ठेवली होती. खेळ ओहोटीला सुरू व्हायचा. मग भरती यायची, खाडीच्या मुखाच्या तुकड्यापासून आत, दर फेरीला एक तुकडा. ताटली बसली की तिथले शिपाई बुडाले. वैनी सुरुवातीला एकच वाक्य सांगायच्या: "भरती येते. कुठवर येते ते झाडं सांगतील." तारेच्या प्रत्येक मुळावर तो पट्टा रंगवलेला असायचा.

एकदा पुण्याहून एक नामांकित खेळाडू आले. टेबल पाहून खूश झाले आणि मधल्या सपाट चिखलावर त्यांनी आपली सगळी फौज ऐटीत मांडली.

"दादा, जरा वर सरका," फैजान म्हणाला.

"घाबरवतोस काय?"

 तिसऱ्या फेरीला वैनींनी टेबलाखालून ताटल्यांचा डबा काढला. चौथ्या फेरीला दादांची फौज पाण्याखाली होती. ते म्हणाले, "ही फसवणूक आहे." वैनींनी त्यांच्यासमोर एक झाड धरलं. दादांनी पट्टा पाहिला, आपल्या सेनापतीची उंची पाहिली आणि हसत सुटले. त्या दिवशी ते आणखी दोन डाव खेळले, दोन्ही उंचावरून.

चूक वैनींच्या गैरहजेरीत आम्ही केली. भर श्रावणात रेझिन ओतलं. आपल्याकडच्या दमट हवेत ते घट्ट होता होता दुधाळ होतं. आमच्या सगळ्या ताटल्या गढूळ निघाल्या. मी टाकायला निघाले, तर वैनी म्हणाल्या, "पावसात खाडी काय काचेसारखी असते?" त्यानंतर टेबलाला दोन पाणी झाली, पावसाळ्याचं आणि उन्हाळ्याचं.

लोक बोलायचेच. "चाळिशी उलटली तरी बाहुल्या खेळते." बोलणाऱ्यांत पत्ते कुटणारे बाप्येच जास्त. मी भांडायला उठायचे, वैनी मला खाली बसवायच्या. माझ्याशीही त्या एकदाच कडक वागल्या. शहराबाहेरच्या एका खाजणात डंपर भराव टाकत होते, तेव्हा मी टेबलावर 'खाजण वाचवा' अशी लाल पाटी रोवली. त्यांनी ती उपटून माझ्या हातात दिली. "पाटी लावलीस की माणसं पाटी वाचतात, चिखल बघत नाहीत. पाटी तिकडे डंपरसमोर लाव. मी येते." आणि आल्या. मला पटलं नव्हतं, अजूनही अर्धंच पटलंय.

मग मिस्टरांनी बोट सोडून कोचीला नोकरी धरली आणि दुकान बंद करायचं ठरलं. पुण्याच्या दादांनी अख्खं टेबल मागितलं, काचेच्या पेटीत ठेवतो म्हणाले. मी म्हटलं, हे सार्वजनिक हवं. वैनींनी दोघांचंही ऐकलं नाही. शेवटच्या रविवारी त्यांनी एकेक तुकडा माझ्या उरलेल्या पत्रकांत गुंडाळून ठेवला आणि दादांसकट सगळ्यांना म्हणाल्या, "एकेक उचला. उघडून बघायचं नाही. एकाकडे राहिलं तर त्याच्या हॉलची शोभा होईल. वाटून दिलं तर खेळायला एकमेकांची दारं वाजवावी लागतील." ताटल्यांचा डबा फैजानकडे दिला. मला दारात म्हणाल्या, "बाय, भांड, पण खाली बघून."

आम्ही दारं वाजवली. फैजानच्या दुकानाच्या माळ्यावर जमलो. दादा पुण्याहून आपला तुकडा घेऊन आले. पण काही जण मुंबईला गेले, काही आखातात, काहींचे नंबर बदलले. त्या रविवारी कोण कोण आलं होतं आणि कुणी कुठला तुकडा उचलला, याची यादी कुणी केलीच नव्हती. आता बाकी सगळे तुकडे जमलेत, फक्त एक नाही, आणि नेमका तोच मुखाचा. भरती तिथूनच आत येते. वैनींच्या नियमाने दुसरीकडून पाणी आणता येत नाही, आणि तो नियम मोडायला आमच्यातलं कुणी तयार नाही. आमचं खाजण तेव्हापासून ओहोटीतच आहे.

परवा वैनींचा फोन आला. गणपतीला येतायत.

"खेळता ना रे?"

"खेळतो वैनी," फैजान म्हणाला.

"भरती येते ना?"

फैजानने माझ्याकडे पाहिलं. "येईल," तो म्हणाला.

म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडचा तुकडा आज खाली काढा. त्याच्या एका कडेला चिखलाऐवजी वाळू असेल, तर तो मुखाचा. पुसू नका, तुटलेलं झाड चिकटवू नका, रंग तर अजिबात देऊ नका. गणपतीच्या आधी बंदरावर फैजानच्या दुकानात पोचवा. एस.टी.ने येत असाल तर पिशवीत टाकू नका. मांडीवर घेऊन या.