दोन ओळींचं उत्तर

तिरुवैयारूहून फोन आला तेव्हा मी कीरैची पालेभाजी निवडत होते. माझा धाकटा भाऊ रघू तिथे जुन्या विद्यार्थ्याकडे एक पुस्तक आणायला गेला होता. बोलता बोलता खुर्चीतच गेला. पाच आठवडे झाले. दुःख आहेच... पण राग त्याहून मोठा आहे, म्हणून लिहायला बसले.

तेराव्याला त्याच्या शाळेचे जुने हेडमास्तर आले. म्हणाले, "युरोपातले लोक जेरुसलेमला धर्मयुद्ध लढायला का गेले? लुटीसाठी! दोन ओळींचं उत्तर. आमचा रघू त्यावर जन्मभर वह्या भरत बसला. रद्दीत द्या आता, अक्का." सगळे हसले. मी दाराआड कॉफीचा ट्रे धरून उभी होते.

वह्या एकट्या रघूच्या नव्हत्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा चौथीनंतर माझी तमिळ शाळा सुटली, ती त्याला सांभाळायला. मोठा झाल्यावर त्यानेच मला देवनागरी शिकवली. इतिहासाचा मास्तर झाला तसा प्रत्येक धडा आधी मला सांगायचा, स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून, आपल्या घरच्या मराठीत. मला कळलं नाही तर पुन्हा लिहायचा, मगच वर्गात तमिळमधून शिकवायचा.

"अक्का, लुटायला निघालेला माणूस वाटखर्चासाठी आधी घरचं शेत विकेल का?" तो म्हणायचा. "काही गेलेही असतील लुटीला. पण कितीतरी जण भीतीने गेले. जन्मभर माणसं मारलेली, नरक डोळ्यांपुढे. धर्मगुरू म्हणाले, तिकडे जाऊन लढा, पापं धुतली जातील. कुणाचा बाप आधी तिकडे लढून आलेला, कुणाचा काका. मग घरी कसं राहायचं?"

"पापं ह्यांची आणि मरायचं तिकडच्यांनी? हे कसलं रे प्रायश्चित्त?" मी भडकले.

"तू माझ्या वर्गात हवी होतीस."

"बसू कोण देत होतं?"

त्याने वही ओढून समासात काहीतरी लिहिलं.

परवा त्या धड्याची वही उघडली. समासात जागोजागी 'अक्काने विचारले' असं लिहून माझे प्रश्न. शेवटचा, 'त्यांच्या बायकांना कुणी विचारलं का?' खाली अर्धं पान कोरं. त्याचंच उत्तर शोधायला तो पुस्तक आणायला गेला होता.

हेडमास्तरांचा निरोप आलाय, वह्या रद्दीला न्यायला माणूस पाठवतो म्हणून. पाठवू नका. कीरै निवडायला बसले की मी अजून स्टूल दाराशी ओढते. वही त्यावरच राहील, कोऱ्या पानावर उघडी.